भुताला जात कुठून आली?

पारकट्टा:
मुंज झालेला, पण सोडमुंजीआधी गेलेला मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो. निपुत्रिक ब्राह्मण समंध होतो. मुसलमान असेल तर खवीस. बाळंतपणात गेलेली बाई अळवंत, नाहीतर हडळ. यादी नीट बघा. मेल्यावरही जात, धर्म, लग्न, मूलबाळ सगळं शाबूत! पतवंडं बघून नव्वदीत गेलेल्या आजोबांचं भूत कुणी पाहिलंय का? ते पितर होतात आणि पंधरवड्यात खीर खातात. भूत कुणी व्हायचं हे बहुतेक वेळा मागे पिंड द्यायला कोण उरलं यावर ठरतं. मला तर ही वारसांची नोंदवही वाटते. असं काही खरंच बाहेर फिरत असेल, तर त्याला आपल्या सोयरिकीचे नियम कुणी शिकवले?

दशग्रंथी:
नावं वेगळी म्हणून वस्तू खोटी, हा तर्क कच्चा आहे. एका रोगाला आपण देवीच म्हणत होतो, तरी माणसं खरोखर मरत होती. लोक हाताशी असलेले शब्द वापरतात. रात्री छातीवर कुणीतरी बसतं, डोळे उघडे असतात, ओरडता येत नाही. हे कोकणात सांगतात, जपानात सांगतात, न्यूफाउंडलंडचे मासेमारही सांगतात. एकमेकांना कधी न भेटलेली माणसं एकच गोष्ट का सांगतात?

अर्धीझोप:
कारण त्यांची शरीरं एकसारखी आहेत. स्वप्नं पडतात त्या झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू लुळे करून ठेवतो, नाहीतर स्वप्नातली मारामारी अंथरुणात झाली असती. जाग आधी आली आणि स्नायू मोकळे व्हायला उशीर झाला, की काही सेकंद ते एक-दोन मिनिटं माणूस जागा पण लुळा. श्वास चालू असतो, मात्र मुद्दाम खोल घ्यायला गेलं तर जमत नाही. म्हणून छातीवर ओझं. स्वप्नाचं शेपूट अजून चालू असतं, म्हणून खोलीत कुणीतरी. उताणं झोपणं, जागरण, कामाची सारखी बदलती पाळी यांनी हे वाढतं. त्या क्षणी एखादं बोट किंवा पायाचा अंगठा हलवायला बघायचं, एरवी कुशीवर झोपायचं आणि झोपेच्या वेळा पाळायच्या. ओझं सगळीकडे सारखं. पण आपल्याकडे बसतो मुंजा आणि न्यूफाउंडलंडला म्हातारी चेटकीण. ओझं शरीराचं, चेहरा गावाचा.

आरवलीकर:
सगळं एकाच पोत्यात भरू नका. आमचा वेतोबा म्हणजे वेताळच, पण त्याला भूत म्हणून बघा गावात! तो रात्री राखणीला फिरतो, म्हणून त्याला चामड्याच्या मोठाल्या वहाणा वाहतात, केळ्यांचे घड देतात. देवचारही राखणदारच. गोव्यातल्या ख्रिस्ती कोकणीत मात्र देवचार म्हणजे सैतान. राखणदाराचा सैतान व्हायला धर्म बदलणं पुरलं.

पारकट्टा:
हे तर माझ्याच पारड्यात पडलं की.

दशग्रंथी:
पडू द्या. पण देवस्थानी माणसं बरी होतात त्याचं काय? २००२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तमिळनाडूतल्या एका देवळाचा अभ्यास आला होता. गंभीर मानसिक आजाराचे ३१ जण, औषध नाही, सरासरी सहा आठवडे मुक्काम, आणि लक्षणांच्या मोजपट्टीवर जवळपास २० टक्के घट. लिहिणारे मानसोपचारवाले होते, पुजारी नव्हेत.

अर्धीझोप:
त्यात तुलनेला दुसरा गट नव्हता. सहा आठवडे घरीच राहिलेल्यांचं काय झालं हे त्यातून कळत नाही. आणि सकाळची साधी पूजा सोडली तर तिथं उतरवण्याचा विधीच नव्हता. सोबतीला घरचं माणूस, झाडलोट, झाडांना पाणी, कुणी हिणवत नाही. भूत न काढताच गुण आला म्हणायचा.

अंगात येण्याचंही थोडं सांगतो. आरतीचा ठेका वाढतो तसा श्वास जोरजोरात होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, ओठांना मुंग्या येतात, बोटं आखडून वाकडी होतात. बघणारे म्हणतात, आलं! यात ढोंग असायलाच हवं असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत झपाटल्यासारख्या अवस्थेला जागा आहे, पण रूढीला धरून देवळात येणारं अंगातलं त्यात मोडत नाही. त्रास होत असेल, आवरता येत नसेल, तेव्हाच तो आजार. ताप, झटके आणि अचानक बदललेलं वागणं एकत्र दिसलं तर मात्र त्याच दिवशी इस्पितळ. मेंदूला सूज असू शकते, आणि अमावास्येची वाट बघण्यात ती वाढते.

कलमवाला:
भूत आहे की नाही, यात कायदा पडत नाही. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याची अनुसूची बघा, बारा कृत्यं आहेत. पहिलंच भूत उतरवण्याच्या बहाण्याने साखळीने बांधणं, चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं, चपलेचं पाणी पाजणं. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच ते पन्नास हजार, गुन्हा अजामीनपात्र. पूजा, यात्रा, कीर्तन यांना हात लावलेला नाही. खटला अडतो तो साक्षीदारावर. बाईला मांत्रिकाकडे नेणारे घरचेच असतात, मग साक्ष कोण देणार?

साखळीचं म्हणाल तर तमिळनाडूतलं एरवाडी आठवा. ६ ऑगस्ट २००१ ला दर्ग्याजवळच्या खाजगी आश्रमाला आग लागली. रुग्ण बांधलेले होते, पळता आलं नाही, २८ जण गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळी कुठल्याही स्वरूपात बंद केली आहे.

दशग्रंथी:
साखळीवर माझा वाद नाही. पण लोक आधी जातात कुठे? गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात मुजावर दुआ करतात आणि आजारी वाटलं तर तिथंच बसणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतात. दवा-दुआ म्हणतात त्याला. तुमची वारसांची नोंदवही वाचून कुणी डॉक्टरकडे गेलंय का?

पारकट्टा:
नसेल. पण कुणाला पाठवायचं हे मुजावर ठरवतो कशावरून? भूत किती दिवसांचं आहे यावरून, की झोप, जेवण, झटके विचारून?

दशग्रंथी:
विचारूनच. धागाही बांधतो.