मदत हवी आहे: जुन्या रेकॉर्ड आणि कॅसेट मुंबईत कोण घेतं?

मंडळी, काकांची गिरगावातली चाळ रिडेव्हलपमेंटला जातेय. त्यांच्याकडे नाट्यगीतं-भावगीतांच्या रेकॉर्ड, खोकी भरून कॅसेट आणि थोड्या सीडी आहेत. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस हे रेकॉर्ड-सीडींचं दुकान असतं तर तिथे विचारलं असतं, पण ते २०१६ मध्येच बंद झालं.

चोर बाजारात मटण स्ट्रीटवर विचारून आलो. एकाने सगळा माल एकगठ्ठा मागितला, तोही जवळपास रद्दीच्या भावात! इकडे अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेचे आकडे सांगतात की २०२२ मध्ये तिथे एलपी (मोठ्या व्हायनल रेकॉर्ड) सीडीपेक्षा जास्त खपल्या, सुमारे ४.१ कोटी विरुद्ध ३.३ कोटी. अर्थात त्या नव्या कोऱ्या एलपी. शिवाय तिथेही खरा पैसा स्ट्रीमिंगमध्येच आहे, त्यामुळे मी फार हुरळलेलो नाही.

दादर ते ठाणे पट्ट्यात सुट्ट्या रेकॉर्ड निवडून घेणारे कुणी संग्राहक माहीत आहेत का? भाव रेकॉर्डवरच्या चऱ्यांवरून ठरतो की कव्हरच्या अवस्थेवरून? ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) लाखेच्या रेकॉर्ड हातातून पडल्या की संपल्याच, त्या कुरिअरने पाठवायच्या तर कशा बांधायच्या? आणि बुरशी धरलेल्या कॅसेट दाखवायच्या तरी का?

सीडींची आशा सोडली आहे. कुणाला हव्या असतील तर फुकट घेऊन जा, फक्त गिरगावात यावं लागेल. काकांची एकच अट आहे, रेकॉर्ड भिंतीवर टांगणाऱ्याला द्यायच्या नाहीत.