बाबांच्या खोलीतलं ओकचं कपाट (नाशिक) – शुक्रवारपर्यंत सांगा

प्रेषक: मीनल

मंडळी, घाईत लिहितेय. शुक्रवारी मिस्त्रींना आगाऊ रक्कम पाठवायची आहे.

गंगापूर रोडची मागची खोली, आठ फुटी भिंत, पुस्तकांचं सात फूट उंच कपाट. ओकच हवंय, फिकट रंगाचं परदेशी लाकूड. (सागवान का नाही यावर कृपया वाद नको. घरात सगळं सागवानीच आहे आणि ती खोली आधीच अंधारी आहे.) आयतं काही मिळतं का म्हणून भावाने शोरूमही पालथं घातलं. 'ओक' म्हणून जे दाखवलं त्याचा कोपरा त्याने नखाने उचकटला तर आत दाबलेला भुसा. ते बाद.

प्रश्न एकच. मिस्त्री म्हणतात दोनच खण करू, चार-चार फुटांचे. आडव्या फळ्या घन ओकच्या, अठरा मिमी. प्रत्येक खणाला काचेची दोन दारं. फोटोत फार छान, मोकळं दिसतं. "ताई, काही होत नाही, लोड घेतं," असं त्यांचं म्हणणं. बाबांची निम्मी पुस्तकं म्हणजे कोशांचे जाडे खंड. घेईल का लोड?

मीनल

प्रेषक: अण्णा

मीनल, नाही घेणार. तुटणार नाही, पण वाकेल, आणि वाकलेली फळी पुन्हा पूर्ण सरळ होत नाही.

पुस्तकांचं वजन मीटरला ३० किलो धर. कोश असतील तर जास्तच. चार फूट म्हणजे १.२ मीटर, म्हणजे एका फळीवर ३६ किलो. फळी अठरा मिमी जाड, अकरा इंच खोल. पुस्तकं ठेवल्या दिवशीच मधोमध सुमारे ५ मिमी झोल. लाकूड दाबाखाली वर्षानुवर्षं हळूहळू झुकत राहतं, त्यामुळे पुढे तो दीडपट-दुपटीवर जाईल. ऐनवेळी मिस्त्रींनी घन लाकडाऐवजी प्लाय लावला तर पहिल्याच दिवशी ८ मिमीच्या आसपास.

आता गंमत बघ. झोल लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. आठ फुटांत दोनऐवजी तीन खण केलेस, म्हणजे प्रत्येकी दोन फूट आठ इंच, तर तोच झोल एक पंचमांशावर येतो. साधारण १ मिमी. डोळ्याला कळणारही नाही. एका उभ्या फळीचा तेवढा खर्च.

सागवान घेतलं असतंस तरी हे गणित बदललं नसतं. दोन्हींचा ताठपणा जवळपास सारखाच. हे अरविंदसाठी लिहितोय, तो आता येईलच.

अण्णा

प्रेषक: सुलभाताई (ग्रंथालय)

पुस्तकांच्या कपाटाची चर्चा थेट मंडळाच्या मेल-लिस्टवर सुरू झाली याचं आश्चर्य वाटलं. मंडळाच्या हॉलच्या कपाटांच्या वेळी असे प्रश्न आधी ग्रंथालय समितीकडे पाठवायचे असं ठरलं होतं. असो. तो प्रसंग सगळ्यांना आठवत असेलच.

खण किती यापेक्षा दारं महत्त्वाची. नाशिकला मार्च ते मे धूळ आणि जुलै-ऑगस्टमध्ये ओल. उघड्या फळ्यांवरची पुस्तकं दर रविवारी पुसायला लागतात आणि ते कोण करणार हे मीनलने स्वतःलाच विचारावं. पण काचेची दारं घट्टही नकोत. ओक बंद जागेत आंबूस वाफ सोडतो. अ‍ॅसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलंच. म्हणून संग्रहालयवाले प्रदर्शनाच्या बंद पेट्यांना ओक वापरायचं टाळतात, शिशाच्या वस्तू त्याने खराब होतात. कागदालाही ते चांगलं नाही. तेव्हा पाठीला वर-खाली हवेसाठी फट हवी. कसर लागू नये म्हणून वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवाव्यात. डांबरगोळ्या नकोत, वास वर्षभर जात नाही.

हॉलच्या वेळी मी हेच सांगितलं होतं.

सुलभा

प्रेषक: अरविंददादा

आलो, अण्णा.

वाद नको म्हणालीस तरी दोन ओळी. पंचवटीत आमच्या वाड्याचे खांब, तुळया, देवघराच्या मागची फडताळं, सगळं सागवान. गोदेचा पूर उंबऱ्याच्या आत येऊन गेला, लाकडाला काही झालं नाही. ओकचं तसं नाही. ओलं लाकूड पूर्ण वाळेपर्यंत व्हाइट ओक रुंदीत साडेदहा टक्क्यांपर्यंत आक्रसतो, सागवान सहाच्या आत. म्हणजे तुझी फळी एप्रिलच्या ४० अंशांत आणि श्रावणातल्या दमटपणात सागवानाच्या जवळजवळ दुप्पट हलणार. अठरा मिमी की पंचवीस, हा प्रश्नच नंतरचा.

वाळवीचं तर विचारूच नकोस. सागवानाच्या गाभ्याला ती सहसा तोंड लावत नाही. ओक खाते.

दादा

प्रेषक: राजू

नाशिकला ओक परका कसा, दादा? सुलाची पहिली वाइन २००० साली आली, आणि आता गंगापूर धरणाकडे ओकच्या पिंपांत वाइन मुरतेय. फ्रेंच ओक, अमेरिकन ओक, दोन्ही. पिंप तीन-चार हंगाम वापरलं की लाकडाचा स्वाद संपतो आणि मग ते काढून टाकतात. मीनल, तशी जुनी पिंपं मिळवून त्यांच्या फळ्या वापर ना! वाळवणीचा प्रश्न नाही, पैसेही कमी.

प्रेषक: अरविंददादा

राजू, तुझ्या वहिनीला वाचून दाखवलं. तिचा प्रश्न असा की पोथ्या दारूच्या पिंपावर ठेवायच्या का.

प्रेषक: अण्णा

राजू, २२५ लिटरच्या पिंपाची पट्टी जेमतेम तीन फूट लांब, मधे रुंद, टोकांना निमुळती आणि वाकडी. आतून जाळलेली, शिवाय वाइनने जांभळी. ती सरळ करून रंधून हाती काय उरेल? कुंडी कर त्याची.

अरविंद, तुझी टक्केवारी बरोबर आहे, पण ती ओल्या लाकडाची. भट्टीत वाळवून आलेला ओक ऋतूमागे त्यातला थोडाच भाग हलतो. आणि हलतो तो रुंदीत, लांबीत जवळपास नाहीच. अकरा इंच रुंदीच्या फळीला पुढेमागे दोन-तीन मिमी मोकळीक ठेवली आणि पाठ डिंकाने न चिकटवता खाचेत सुटी बसवली की झालं. वाळवीचा मुद्दा मात्र मान्य.

मीनल, तिसरा खण नकोच असेल तर प्रत्येक फळीच्या पुढच्या कडेला दीड इंच उंचीची ओकची पट्टी चिकटवून घे. झोल साधारण निम्मा होईल. पण निम्माच.

प्रेषक: मीनल

अण्णा, थँक यू. तीन खण मान्य आहेत हो, पण मिस्त्री वेगळ्याच मुद्द्यावर अडलेत. तीन खण म्हणजे काचेची सहा दारं, बिजागऱ्या दीडपट आणि दार जेमतेम सव्वा फुटाचं. "ताई, दवाखान्याचं कपाट दिसेल." मग सरकत्या काचा सुचवतात.

प्रेषक: सुलभाताई (ग्रंथालय)

सरकत्या काचा अजिबात नकोत. खालच्या पन्हाळीत धूळ साचते, काच अडकते आणि एका वेळी अर्धंच कपाट उघडतं. तुमचं हवं ते पुस्तक नेमकं बंद बाजूला असतं. हॉलमध्ये कोणाच्या आग्रहाने त्या बसवल्या हे मी इथे लिहीत नाही.

प्रेषक: खजिनदार

ताई, त्या माझ्या आग्रहाने बसवल्या आणि निम्म्या किमतीत बसवल्या. मेल 'सगळ्यांना' जातोय याची कृपया नोंद घ्यावी. गणेशोत्सवाच्या वर्गणीच्या मेलला मात्र अजून कुणाचंच उत्तर नाही.

प्रेषक: शिरीष (सध्या मुक्काम नाशिक)

मीनल, तुझ्या भावाबरोबर काल अंबडला मिस्त्रींच्या शेडवर जाऊन आलो. लिस्ट रोज वाचतो, म्हटलं बघावं तरी.

मिस्त्री चांगले आहेत. हात स्वच्छ, सांधे बघितले, कुठे भुसा-फेविकॉलने फट बुजवलेली नाही. पण लाकडाचं बघ. दरपत्रकात 'व्हाइट ओक' लिहिलंय. फळी लालसर वाटली म्हणून कापून पडलेली एक वीतभर पट्टी उचलली, एक टोक चहाच्या ग्लासातल्या साबणाच्या पाण्यात बुडवलं आणि दुसऱ्या टोकाने फुंकर मारली. भसाभस फेस. रेड ओक. त्याच्या नळ्या आरपार मोकळ्या असतात. व्हाइट ओकच्या आतून बुजलेल्या असतात, म्हणून पिंपं त्याची करतात, रेडची केली तर गळतील. (राजू, वाच.) मिस्त्रींनी स्वतः दोनदा फुंकून बघितलं, मग वखारवाल्याला फोन लावला. त्यांनाही माहीत नव्हतं असं मला तरी वाटलं.

घरातल्या कपाटाला रेड ओक चालेल, वाईट काही नाही. पण दर रेडचा लागला पाहिजे. ते कबूल झालेत, आणि वाचलेल्या पैशांत दारांचा खर्च बसतो म्हणाले.

आणखी एक. त्यांच्याकडे साधे लोखंडी स्क्रू होते. ओकमध्ये टॅनिन (तुरट द्रव्य) भरपूर, लोखंड आणि ओल मिळाली की लाकूड निळं-काळं पडतं. शेडच्या कोपऱ्यात एक जुनी ओकची चौकट उभी होती, प्रत्येक खिळ्याभोवती शाई सांडल्यासारखा डाग. तीच दाखवली. स्टेनलेस किंवा पितळी स्क्रू घालायला सांगितलंय, आणि पॉलिशवाल्याला स्टील वूल (घासायचा लोखंडी तारांचा बोळा) लावू देऊ नका म्हणून बजावलंय.

भिंतीला हात लावला. पलीकडे बाथरूम आहे, हे तू लिहिलं नाहीस. खाली ओल आहे. कपाट भिंतीपासून दोन इंच पुढे, खाली कडाप्प्याचा चार इंची ओटा, आणि ठेवण्याआधी वाळवीची फवारणी. एवढं केल्याशिवाय ओक काय, सागवानही ठेवू नका. वर मात्र भिंतीला क्लँपने बांधा, सात फुटी भरलेलं कपाट पुढे आलं तर धडगत नाही.

शिरीष

प्रेषक: अरविंददादा

सागवानाचं काही बिघडलं नसतं. पण ओटा बरोबर.

प्रेषक: मीनल

ठरलं. तीन खण, रेड ओक रेडच्या दरात, स्टेनलेस स्क्रू, पाठ सुटी, कडाप्प्याचा ओटा. दारं वरच्या भागालाच, बिजागऱ्यांची, सहा. दवाखाना तर दवाखाना. सुलभाताई, पाठीला फटी ठेवायला सांगितलंय. शिरीषदादा, शुक्रवारी रक्कम तुमच्यासमोरच देऊ या का? खालच्या दोन कप्प्यांत कोश ठेवू, वजन खाली राहील.

प्रेषक: शिरीष (सध्या मुक्काम नाशिक)

समोर देऊ. पावती घेतो.

कोश खाली नकोत. आज तुझ्या बाबांशी बोललो, त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं म्हणे. गुडघ्यामुळे त्यांना वाकवत नाही आणि रोज हातात लागतात ते नेमके कोशच. त्यांना ते खुर्चीवर बसून हाताला येतील असे हवेत, म्हणजे जमिनीपासून अडीच ते चार फुटांत. त्याच्या खाली बंद कप्पे करा, त्यात हवं तर आईंचे डबे. अण्णा, वजन वर गेलं, आता त्या दोन फळ्या पंचवीस मिमी घ्यायच्या का?

प्रेषक: अण्णा

घ्या. आणि त्या दोन फळ्या सरकत्या खुंट्यांवर नकोत, उभ्या फळीत खाच मारून पक्क्या बसवा.