मदत हवी आहे: अ‍ॅनॅक्झिमेनीस एक पाऊल मागे आला का?

नमस्कार मंडळी. सध्या मिलेटस या प्राचीन ग्रीक शहरातले तिघे तत्त्वज्ञ वाचतोय आणि तिसऱ्यापाशी, म्हणजे अ‍ॅनॅक्झिमेनीसपाशी, गाडी अडली आहे.

थेलीस म्हणतो, सगळ्याचं मूळ पाणी. ठीक. मग अ‍ॅनॅक्झिमँडर येतो आणि थेट 'आपेरॉन' म्हणतो: ना पाणी, ना अग्नी, ज्याला सीमाच नाही असं काहीतरी. त्यातून उष्ण आणि शीत वेगळे झाले. पृथ्वी ढोलकाच्या आकाराची, जाडी रुंदीच्या एक तृतीयांश, आणि तिला कशाचाही आधार नाही! सगळीकडून अंतर सारखंच, मग पडणार कुठल्या बाजूला? इ.स.पू. ६व्या शतकात हे सुचणं म्हणजे कमालच.

आणि त्याच्यानंतरचा अ‍ॅनॅक्झिमेनीस म्हणतो, मूळ हवा. पुन्हा रोजचाच पदार्थ?

पण त्याचा पुरावा मी करून पाहिला. तळहातावर तोंड उघडून 'हा' केलं की ऊब लागते, ओठ आवळून फुंकर मारली की गार. म्हणजे त्याच्या मते सैल हवा उष्ण, दाबलेली हवा गार. ती विरळ झाली की अग्नी, दाटत गेली की वारा, ढग, पाणी, माती, दगड. (फुंकरीचं त्याचं स्पष्टीकरण चुकीचं आहे, ते सोडा.)

तर प्रश्न असा: बदल नेमका कसा होतो हे सांगितलं, म्हणून त्याला पुढचा मानायचं का? आणि 'आपेरॉन'ला मराठीत काय म्हणावं, अनंत, अमर्याद की अनिश्चित? तिन्हींचे अर्थ वेगळे पडतात. 'म्हणजे आपलं ब्रह्मच' एवढ्यावर कृपया भागवू नका.