जास्त पळालेली जुनी गाडी घेतली, आता तिच्यावर खर्च करायचा का? अनुभव लिहा

जुनी गाडी घेताना आपण आरसी पाहतो, भाव पाडतो, एक चक्कर मारतो. खरी पंचाईत होते ती गाडी दारात आल्यावर. फिटर यादी देतो: क्लच, लोअर आर्मचे बुश (पुढच्या चाकाच्या दांडीतले रबर), टर्बोच्या (इंजिनात जादा हवा दाबणाऱ्या पंख्याच्या) पाइपला ऑइल, पुढचे टायर. बेरीज गाडीच्या किमतीच्या पाव हिश्शापर्यंत जाते आणि घरात दोन तट पडतात. माझ्या धाकट्या भावाकडे सध्या हेच चाललंय. गाडी डिझेल, १ लाख ६० हजार किलोमीटर झालेली. माझं मत असं, की घेताना मोजलेले पैसे या हिशेबात धरूच नयेत. आता जे घालू त्यात गाडी अजून किती वर्षं ओढेल, तेवढंच बघावं. पण ज्यांनी यातून वाट काढली त्यांचं ऐकायचंय. काय निघालं, काय केलंत, का केलंत, ते सविस्तर लिहा. कंपन्यांची आणि गॅरेजांची नावं मात्र नकोत.

कोल्हापूर

१ लाख ८० हजार झालेली डिझेल हॅचबॅक घेतली आणि कूलंट कमी व्हायला लागलं. गळती कुठेच नाही. इंजिन चालू ठेवून कूलंटच्या टाकीत पाहिलं तर बुडबुडे. पहिल्या गॅरेजने पूर्ण इंजिन करावं लागेल म्हणून लाखाच्या घरातला आकडा सांगितला. मी आधी कॉम्प्रेशन मोजायला लावलं. शेजारशेजारच्या दोनच सिलिंडरांत दाब कमी निघाला, म्हणजे त्यांच्या मधे हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलेलं असणार. हेड उतरवून शिवाजी उद्यमनगरात नेलं. तिथल्या काकांनी हेडवर सरळ पट्टी तिरपी धरली आणि फीलर गेजचं (फट मोजायचं) पातं खालून सरकवलं. मधोमध ते सहज आत गेलं. हेड वाकलं होतं, पण तडा नव्हता. फेस मारून, म्हणजे खालची बाजू घासून सपाट करून घेतली. इकडे बोअरमध्ये (सिलिंडरच्या आत) बॅटरी मारून पाहिलं तर होनिंगच्या तिरप्या रेघा अजून शाबूत, म्हणजे आतली भिंत झिजलेली नाही. तिथेच ठरवलं, खालचं इंजिन उघडायचं नाही. वॉटर पंप, थर्मोस्टॅट आणि होस त्याच वेळी बदलले, नाहीतर तीच मजुरी परत द्यावी लागते. तीस हजारांच्या आत भागलं. डेंटिंग-पेंटिंगला हात लावला नाही, अजूनही लावलेला नाही. गाडी आंबा घाट चढते आणि तापमानाचा काटा मध्यावर राहतो.

रत्नागिरी

आमचं उलटं. इंजिन शिलाई मशीनसारखं चालायचं. गाडी रॅम्पवर चढवली, दाराखालच्या पत्र्यावर स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबलं, ते आरपार गेलं आणि तांबडा चुरा हातावर पडला. वरून ताजा अंडरकोट (खालच्या पत्र्याला मारतात तो लेप) फासलेला होता. वेल्डिंगवाला पट्टी मारून द्यायला तयार होता, पण गंज आतून चालूच राहतो आणि अपघातात बाजूचा मार त्याच पत्र्याने पेलायचा असतो. घरात लहान मुलं आहेत. सुट्या भागांच्या भावात देऊन टाकली. कोकणातली गाडी घेणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात गाड्या बुडाल्या होत्या. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. मुळाशी चिखलाची रेघ दिसली तर वायरिंगवर पैसे घालत बसू नका.

नारायणगाव

वरच्या दोघांच्या गाड्या घरच्या. माझा छोटा हत्ती धंद्याचा. टोमॅटोच्या हंगामात गाडी उभी राहिली की भाडं तर जातंच, शेतकरी दुसरी गाडी धरतो आणि परत येत नाही. म्हणून घेतल्या घेतल्या हंगामाआधी क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम टाकली. प्लेट अजून चालली असती असं फिटर म्हणाला. पण बेअरिंग आवाज करत होतं आणि त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. शिवाय आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दर वर्षी पासिंग. ब्रेक, लाइट, धूर यांचा खर्च मी घेतानाच धरला होता.

नागपूर

गाडी चौदा वर्षांची. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. कारसाठी त्याचं शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ५,००० रुपये झालं, वर तपासणी आणि पर्यावरण कर. बाबांना सकाळी बाजार आणि दवाखान्यापुरती हवी होती. ब्रेक, टायर, स्टेअरिंगचे जॉइंट केले. एसीचा कॉम्प्रेसर केला नाही.

लेस्टर, इंग्लंड

इथे तीन वर्षांवरच्या गाडीची दर वर्षी एमओटी तपासणी होते आणि मागचे निकाल, मायलेजसकट, गाडीच्या नंबरवरून कुणालाही फुकट पाहता येतात. माझी गाडी १ लाख १० हजार मैल झालेली. ब्रेक पाइपला गंज असल्याची सूचना तिच्या तपासण्यांत लागोपाठ आलेली होती. सर्व्हिस बुकात टायमिंग बेल्टची नोंद नव्हती. तो तुटला तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. दोन्ही कामं लगेच केली. पण इथे मजुरी फार महाग. कोल्हापूरकर दादांसारखं हेड उतरवायची वेळ आली असती तर मी गाडी सोडली असती.

सांगली

माझं स्वतःचं गॅरेज आहे, म्हणून तुमच्या भावाच्या यादीबद्दल लिहितो. पाइपला ऑइल दिसलं एवढ्यावरून टर्बो बदलू नका. जास्त पळालेल्या डिझेलला थोडं ऑइल तिथे येतंच. पाइप काढून पुसा, टर्बोचा शाफ्ट बोटांनी हलवून बघा. आत-बाहेर सरकत असेल किंवा पंखा बॉडीला घासलेला असेल तरच ते काम काढा. सकाळी गाडी थंड असताना दुसऱ्याला स्टार्ट मारायला सांगून तुम्ही मागे उभे राहा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला आणि कूलंट कमी होत असेल तर कोल्हापूरवाल्यांचंच प्रकरण. काळा असेल तर आधी एअर फिल्टर, मग इंजेक्टर. चालू इंजिनवर ऑइल भरायचं झाकण सैल करा. धूर भसाभस बाहेर आला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्याचा संशय धरा आणि यादीतलं दुसरं काहीही करण्याआधी कॉम्प्रेशन मोजून घ्या. ते चांगलं निघालं तर टायर आणि बुश आधी करा, क्लच घसरत नसेल तर राहू द्या. ऑइल आणि फिल्टर बदलून हजारेक किलोमीटर चालवा, डिपस्टिकवरची पातळी दर आठवड्याला वहीत लिहा आणि ती वही घेऊन फिटरकडे जा.