नोव्हेंबरअखेर केदारकंठा: ऑफिस खरोखर मागे ठेवून कसं जायचं?

गांधीबाग_करसल्ला

नमस्कार मंडळी. गांधीबागेत जीएसटी-टीडीएसचं छोटं ऑफिस आहे. दोन सहायक आहेत आणि चाळीसेक क्लायंट, बहुतेक कापड आणि किराण्याचे ठोक व्यापारी. नोव्हेंबरअखेर उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखराचा ट्रेक करायचा आहे: नागपूरहून डेहराडून, तिथून पायथ्याचं गाव सांकरी, चार दिवस चालणं आणि परत. बूट-कपड्यांबद्दल इथे भरपूर लिहिलेलं आहे, ते वाचलं. माझा प्रश्न ऑफिसचा आहे.

बऱ्याच क्लायंटच्या जीएसटी नोंदणीत मोबाइल नंबर माझाच दिलेला आहे, म्हणजे ओटीपी माझ्याकडे येतात. व्हॉट्सॲपवर दिवसभर बिलं येऊन राहतात. सहायक हुशार आहेत, पण प्रत्येक नोटिशीला "मॅडम, काय करू?" ठरलेलं. अशा वेळी फोन पूर्ण बंद ठेवावा की रोज संध्याकाळी नेटवर्क मिळेल तिथे एकदा पाहून घ्यावं?

इतवारी_वहीखाते

ताई, फोनचा प्रश्न नंतरचा. ओटीपी दुसऱ्याच्या हाती दिलेला नसेल तर फोन बंद ठेवूनही डोकं ऑफिसातच राहतं, कारण काम खरोखरच अडलेलं असतं.

आधी तारखा बघा. मासिक जीएसटीआर-३बी (कर भरण्याचं विवरण) २० तारखेला, तिमाही विवरण भरणाऱ्यांचं पीएमटी-०६ हे कर भरण्याचं चलन २५ ला, पुढच्या महिन्यात टीडीएसचा भरणा ७ ला आणि जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण) ११ ला. म्हणजे २६ नोव्हेंबर ते ६ डिसेंबर मोकळे. २६ ला निघा, ५ ला परत या आणि ६ तारीख हातात राखून ठेवा. पहाडात रस्ता अडला तर तोच दिवस कामी येतो.

मात्र या दिवसांत ३० नोव्हेंबर येतो. मागच्या आर्थिक वर्षाचं राहिलेलं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) घेण्याची ती शेवटची तारीख. क्रेडिट विवरणातूनच घेता येतं आणि मासिक क्लायंटचं ऑक्टोबरचं ३बी २० नोव्हेंबरलाच जातं. ते गेलं की ३० तारीख नावापुरती उरते. तरी २८-२९ ला कुणाला तरी कपाटात मागच्या वर्षीचं बिल सापडतं आणि फोन सुरू होतात. म्हणून १ नोव्हेंबरलाच सगळ्यांना लेखी कळवा: मागच्या वर्षीची बिलं १५ पर्यंत द्या, नंतर आलेली घेता येणार नाहीत.

नवीन नोंदणीचे अर्ज निघण्याच्या तोंडावर टाकू नका. अधिकाऱ्याने आरईजी-०३ या नोटिशीत खुलासा मागितला तर उत्तराला कामाचे ७ दिवसच मिळतात. नोंदणी रद्द करण्याच्या आरईजी-१७ नोटिशीलाही तेवढेच. एएसएमटी-१० ला (विवरणातल्या तफावतीची नोटीस) मात्र ३० दिवस असतात, ती तुम्ही येईपर्यंत थांबू शकते. कोणती नोटीस किती दिवस थांबते हे एका कागदावर लिहून सहायकांच्या टेबलावर चिकटवा. "काय करू?" मधले निम्मे फोन तिथेच बंद होतात.

आता ओटीपी. पोर्टलवर नंबर क्लायंटचा स्वतःचा असायला हवा. तो नॉन-कोअर (किरकोळ तपशिलांच्या) दुरुस्तीत बदलता येतो, अधिकाऱ्याची मंजुरी लागत नाही. नव्या नंबरवर ओटीपी येतो, तेव्हा क्लायंट फोनवर हजर हवा. ऑक्टोबरपासून रोज चार-पाच केलेत तर सगळे आटोपतात. ई-वे बिलसाठी (मालवाहतुकीचा ऑनलाइन कागद) सहायकांना त्यांच्याच नंबरवर सब-युजर (दुय्यम लॉगिन) करून द्या.

तेवढ्यात काही क्लायंट राहिलेच, तर ज्या सिमवर त्यांचे ओटीपी येतात ते जुन्या फोनमध्ये टाकून ऑफिसात चार्जरला लावून जा. पण तुमचं बँक खातं त्याच नंबरला जोडलेलं असेल तर हे करू नका. बँकेचे ओटीपी दुसऱ्याच्या हाती जातात आणि यूपीआय ॲप सिमला बांधलेलं असल्याने तुमच्या फोनवरून पैसे देणं थांबतं. तसं असेल तर आत्ताच ऑफिससाठी वेगळं सिम घ्या.

व्हॉट्सॲपमध्ये दोन गोष्टी फसतात. बिझनेस ॲपमधला "मी बाहेर आहे" हा आपोआप जाणारा निरोप मूळ फोनला इंटरनेट असेल तरच जातो. फोन तुमच्याबरोबर पहाडात बंद असेल तर क्लायंटला काहीच कळत नाही. दुसरं, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर जोडलेलं व्हॉट्सॲप मूळ फोन बंद असतानाही चालतं, पण फोन १४ दिवसांहून जास्त वापरला नाही तर लॉगआउट होतं. तुमचे दहा दिवस त्यात बसतात. कॉलसाठी फोनच्या सेटिंगमधून "संपर्कात नसताना" वाले कॉल ऑफिसच्या लँडलाइनवर वळवा. ते नेटवर्ककडून होतं, फोन बंद असला तरी चालतं.

सांकरीची_वाट

वरचं सगळं बरोबर. पहाडातलं मी सांगतो.

"रोज संध्याकाळी एकदा पाहू" हा सगळ्यात वाईट पर्याय आहे. सांकरीच्या वाटेवरचं पुरोला सुटलं की नेटवर्कचा भरवसा राहत नाही. वर एखाद्या धारेवर मध्येच एक दांडी उमटते. मुक्कामाला पोचता तेव्हा अंग घामाने ओलं असतं. ती वेळ कोरडे कपडे चढवायची, टोपी घालायची आणि गरम पाणी प्यायची. त्याऐवजी धारेवर उभं राहून मेसेज उतरायची वाट पाहिली की पंधरा मिनिटांत अंग गार पडतं, आणि हाती काय येतं? "मॅडम, नोटीस आली, फोन करा." कोणती नोटीस ते कळत नाही, उत्तर जात नाही, रात्रभर तेच डोक्यात. एकतर पूर्ण पाहा, नाहीतर अजिबात पाहू नका. पूर्ण पाहण्याची सोय तिथे नाही.

याला तब्येतीचीही बाजू आहे. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर, सांकरी १,९५० च्या आसपास, शिखर ३,८०० मीटर. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं ही उंची न मानवल्याची लक्षणं. ऑफिसचा ताण बरोबर नेला असेल तर डोकं त्यानेच दुखतंय असं वाटतं आणि माणूस गाइडला सांगत नाही. डोकं दुखलं की लगेच सांगा, आणि वाढत गेलं तर वर न चढता खाली उतरा.

फोनचं असं करा:

- डेहराडूनलाच मेलचं सिंक बंद करा, कामाच्या ॲपमधून लॉगआउट व्हा आणि व्हॉट्सॲपचं आपोआप डाउनलोड बंद करा. सूचना नुसत्या म्यूट केल्या तर ॲपवरचा आकडा दिसत राहतो आणि बोट तिकडे जातं.
- सांकरीपासून एअरप्लेन मोड. जीपीएस तरीही चालतं, फक्त नकाशा आधी उतरवून ठेवा. नेटवर्क शोधत बसलेला फोन बॅटरी फार लवकर खातो.
- मनगटी घड्याळ आणि हेडलॅम्प न्या. शिखराच्या दिवशी मध्यरात्रीनंतरच उठायचं असतं, तेव्हा अलार्म आणि उजेडासाठी फोन हातात घ्यायची वेळ येऊ नये.
- रात्री फोन आणि पॉवर बँक स्लीपिंग बॅगमध्ये घ्या. शून्याखाली गार पडलेली बॅटरी चार्जिंगला लावली तर खराब होते. विमानाने जात असाल तर पॉवर बँक केबिनच्या बॅगेतच ठेवावी लागते.

पहिल्या दिवशी चालताना कामं आठवत राहणारच. खिशात छोटी वही ठेवा. आठवलं की एक ओळ लिहा, वही बंद करा. लिहून ठेवलेलं पुन्हा पुन्हा आठवत नाही.

गांधीबाग_करसल्ला

फार उपयोगी, आभार. आता दोनच गोष्टी विचारते. सहायकांना निर्णय किती द्यायचे? आणि संपर्क नसेल तर घरचे घाबरतील, त्याचं काय?

तामिया_घाट

निर्णय रुपयांत मोजून द्या. ३बी एक दिवस उशिरा गेलं तर विलंब शुल्क दिवसाला ५० रुपये, निरंक (कर शून्य) असेल तर २०, आणि कर बाकी असेल तर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज. हे आकडे सहायकांसमोर मांडून सांगा की इतक्या रकमेपर्यंत चूक झाली तरी चालेल, भरपाई ऑफिस देईल. ती मर्यादा कळली की ते स्वतः ठरवू लागतात.

तुम्हाला निरोप पाठवण्याची कारणं तीनच ठेवा: घरी कुणाची तब्येत बिघडणं, क्लायंटकडे अधिकारी तपासणीला येऊन बसणं, कुणाचं बँक खातं गोठवलं जाणं. त्यासाठी ट्रेकच्या आयोजकाचा सांकरीतला नंबर घरी एकाकडे आणि ऑफिसात एकाकडे द्या. निरोप वर जाणाऱ्या माणसाबरोबर येतो, म्हणून उत्तर दुसऱ्या दिवशीच मिळेल हे घरच्यांना आधीच सांगा. कोणत्या दिवशी फोन येणार नाही याच्या तारखा लिहून स्वयंपाकघरात लावल्या तर त्या दिवशी कुणी घाबरत नाही. सॅटेलाइट फोन किंवा तसलं मेसेंजर यंत्र नेऊ नका, आपल्याकडे सरकारी परवानगीशिवाय ते बाळगता येत नाही.

आणि हे सगळं एकदा जवळच करून पाहा. शुक्रवारी दुपारी सावनेर-सौंसर-छिंदवाडा-तामियामार्गे पचमढी, सोमवारी परत. चौरागड, धूपगड चाला आणि तीन दिवस फोन खरोखर बंद ठेवा. तारीख महिन्याच्या २५ नंतरचीच घ्या. नागपंचमीच्या आसपास जाऊ नका, तेव्हा नागद्वारच्या यात्रेला आपल्याकडचीच हजारो माणसं तिथे असतात, ना खोली मिळत ना वाट मोकळी. परत आल्यावर सहायकांना एवढंच विचारा: कोणतं काम अडलं आणि कोणत्या ओटीपीमुळे? जी यादी निघेल ती केदारकंठ्याआधी संपवा.

५ तारखेला घरी पोचल्यावर काहीच उघडू नका. ६ ला आधी सहायकांची नोंदवही बघा, मग पोर्टलवरच्या नोटिसा, मग मेल. व्हॉट्सॲप सगळ्यात शेवटी, कारण तिथले बरेचसे प्रश्न नोंदवहीत मिटलेले दिसतात.