सिकलसेलच्या सोल्युबिलिटी टेस्टमध्ये ऑक्सिजन का काढून घेतात?

विदर्भलॅब:
मी गडचिरोली जिल्ह्यात लॅब टेक्निशियन आहे. शिबिरात बोटातून थेंबभर रक्त घेतो, बफरच्या नळीत टाकतो, थोडा वेळ थांबून नळीमागे रेघांचं कार्ड धरतो. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह. गढूळपणात हरवल्या तर नमुना एचपीएलसीला (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या तपासणीला) जातो. बफरमधलं डायथायोनाइट ऑक्सिजन काढून घेतं, एवढं ठाऊक आहे. पण बदल तर जन्मापासूनचा ना? हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. मग ऑक्सिजन असताना रेणू का चिकटत नाहीत? आणि सहा महिन्यांखालच्या बाळाची ही टेस्ट का करायची नाही? आया विचारतात, त्यांना खरं कारण सांगायचंय.

जीवरसायन_शिक्षिका:
दादा, चिकटायला दोन जागा लागतात. व्हॅलिन ही एक, ती कायम रेणूच्या बाहेरच्या अंगाला असते. दुसरी म्हणजे शेजारच्या रेणूच्या बीटा साखळीवरचा खळगा, ८५ व्या फिनाइलॲलनिन आणि ८८ व्या ल्युसिनपाशी. ऑक्सिजन सुटलेला असेल तरच व्हॅलिन त्यात नीट बसतं.

कारण ऑक्सिजन बसला की सगळा रेणूच हलतो. हीममधलं (ऑक्सिजन धरणाऱ्या भागातलं) लोह आधी हीमच्या पातळीबाहेर साधारण ०.४ अँगस्ट्रॉम असतं, ते आत सरकतं. त्याला धरून असलेलं हिस्टिडिन ओढलं जातं, त्यासोबत एफ हेलिक्स, म्हणजे साखळीचा एक मळसूत्री तुकडाही. एक अल्फा-बीटा जोडी दुसरीच्या मानाने सुमारे १५ अंश फिरते. आणि बघा, ८५ व ८८ या जागा त्याच एफ हेलिक्सवर आहेत! मला हे दरवर्षी शिकवताना नव्याने आवडतं. १९३८ मध्ये हाउरोवित्झ यांनी ऑक्सिजनविरहित हिमोग्लोबिनचे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले होते. ऑक्सिजन पोचला तसे ते मोडले. रेणूचा आकार बदलतो हे तेव्हाच डोळ्यांना दिसलं. पेरुट्झ यांनी क्ष-किरणांनी घडण उलगडली ती पुढे.

एका हीमवर ऑक्सिजन बसला की बाकीच्यांवर बसणं सोपं होतं, ते याच फिरण्यामुळे.

बालविभाग_नर्स:
बाळाचं मी सांगते. जन्मताना बाळाच्या रक्तात बहुतांश एचबीएफ, म्हणजे गर्भातलं हिमोग्लोबिन असतं. त्यात बीटाऐवजी गॅमा साखळ्या, म्हणजे ते व्हॅलिनच नाही. शिवाय एचबीएफ चिकटलेल्या रेणूंच्या दोऱ्यांत शिरत नाही, त्यांची वाढ अडवतं. म्हणून आजार असलेलं बाळही सुरुवातीला ठणठणीत दिसतं आणि नळी स्वच्छ राहू शकते. पुढे बीटा साखळ्या वाढतात, तसा त्रास दिसायला लागतो. हायड्रॉक्सियुरिया हे औषध देतात तेही मुख्यतः एचबीएफ वाढावं म्हणूनच. आईला सांगा, बाळाची एचपीएलसी करून घ्या, निगेटिव्ह नळीवर विसंबू नका.

विदर्भलॅब:
मनापासून आभार मॅडम, ताई. एकच राहिलं. वाहकाची (एकाच पालकाकडून सिकलसेलचं जनुक आलेल्याची) नळीही गढूळ होते, मग त्याला त्रास का नाही?

जीवरसायन_शिक्षिका:
वाहकाच्या प्रत्येक पेशीत एचबीएस (व्हॅलिनवालं हिमोग्लोबिन) साधारण ४० टक्के, बाकी बहुतेक साधं. नळीत डायथायोनाइट जवळपास सगळा ऑक्सिजन काढतं आणि दाट फॉस्फेटमुळे एचबीएस विरघळत नाही. शरीर तिथवर जात नाही: विश्रांतीत शिरेतल्या रक्तातही हिमोग्लोबिन सुमारे ७५ टक्के भरलेलं असतं. त्यामुळे गढूळ नळी बघून शिबिरात कुणाला 'तुला आजार आहे' म्हणू नका, एचपीएलसीचा रिपोर्ट येऊ द्या. आणि रक्तक्षय फार असेल तर उलट होतं, रक्त कमी पडून नळी स्वच्छ दिसते. तोही नमुना पुढे पाठवाच.