रात्री सगळे झोपले की खात सुटते, हात थांबतच नाही

शेवंती_नाशिक:
दिवसभर मी एकदम कंट्रोलमध्ये असते, सकाळी नुसता चहा, डब्यात एक पोळी आणि भाजी, वजन कमी करायचंय म्हणून संध्याकाळी काहीच नाही. पण रात्री सगळे झोपले की ओट्यापाशी उभ्या उभ्याच सुरू होतं, आधी चिवडा, मग उरलेला भात, मग तूप-गूळ लावून पोळ्या, मग पोराची बिस्किटं, पोट दुखायला लागतं तरी चालूच. रिकामे पुडे कचऱ्याच्या पिशवीत तळाशी दाबते, कुणाला दिसू नयेत म्हणून. दुसऱ्या दिवशी कडक उपास. सासूबाई म्हणतात जिभेवर ताबा ठेव. हा खरंच आजार असतो का? आणि जायचं कुणाकडे, डाएटिशियनकडे का?

कोथिंबीर:
अगं हो, असा आजार असतो, बिंज ईटिंग डिसऑर्डर म्हणतात. मानसोपचारवाल्यांच्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या पुस्तकात, २०१३ पासून त्याची वेगळी नोंद आहे. साधारण ३ महिने, आठवड्यातून एकदा तरी असं होत असेल, खाताना ताबा सुटल्यासारखं वाटत असेल आणि नंतर खूप त्रास होत असेल तर डॉक्टर त्या दिशेने बघतात. भरपाई म्हणून नेहमी कडक उपास होत असतील तर बुलिमिया नावाचा जवळचा आजारही असू शकतो, ते डॉक्टरच ठरवतील. जिभेचे चोचले नाहीत हे, त्यामुळे ताबा ठेव म्हणणाऱ्यांचं मनावर घेऊ नकोस.

मला तुझ्या लिहिण्यात सगळ्यात जास्त खटकला तो दुसऱ्या दिवशीचा उपास. तिथेच गाडं अडतंय. दिवसभर उपाशी ठेवलेलं शरीर रात्री वसूल करणारच ना, मग अपराधी वाटून परत उपास, परत रात्री तेच. माझ्या थेरपिस्टने पहिलं काम हेच दिलं की ३ जेवणं आणि मधे २-३ वेळा थोडं खाणं, ४ तासांच्या वर गॅप नाही, आदल्या रात्री कितीही खाल्लं असलं तरी सकाळचा नाश्ता चुकवायचा नाही. फार जड गेलं ते, पोहे समोर असताना रडू यायचं. सोबत वही ठेवायची, काय खाल्लं, कुठे, किती वाजता, तेव्हा डोक्यात काय चाललेलं. कॅलरी लिहायच्या नाहीत. माझ्या वहीत दिसलं की ज्या दिवशी घरात वाद होतो आणि दुपारचं जेवण राहतं त्याच रात्री मी फ्रीज उघडते. विचार आणि सवयी अशा बदलत नेण्याच्या या उपचाराला सीबीटी म्हणतात.

आणि वजन कमी करायचं सध्या बाजूला ठेव गं प्लीज, आधी हे थांबू दे.

शेवंती_नाशिक:
मग संकष्टी पण सोडू का? घरात काय सांगू?

डॉ_मावशी:
बाळा, काही महिने सोड. घरी एवढंच सांग की डॉक्टरांनी उपास बंद केलेत. डायबिटीसच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर उपाशी राहणं तसंही धोक्याचं, शुगर एकदम खाली येऊ शकते.

सायकिअॅट्रिस्ट किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जा, डाएटिशियन त्यांच्या जोडीने. आधी फोनवर बोलावंसं वाटलं तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि खाल्ल्यावर उलटी काढत असशील किंवा जुलाबाच्या गोळ्या घेत असशील तर तेही डॉक्टरांना स्पष्ट सांग, लाजू नकोस, त्याने पोटॅशियम घसरतं आणि हृदयावर परिणाम होतो.

शेवंती_नाशिक:
उलट्या नाही काढत. उद्या सकाळी पोहे करते, सगळ्यांबरोबर बसून खाते. अपॉइंटमेंटचं नवऱ्याशी आजच बोलते.